एका ताटात

मक्याचे दाणे वाटून झाले तरी हफिजाचा हात मिक्सरच्या बटणावरून निघेना. लेकाच्या, साकिबच्या वहीत ‘जाडसर वाटणे’ एवढंच लिहिलेलं. किती जाडसर, ते त्यानं लिहिलं नव्हतं.

आखातातल्या या शहरात, सलवा भागातल्या ज्या हॉटेलात साकिब कामाला लागला, तिथला मोठा शेफ चिली देशाचा होता. हे त्याच्या आजीच्या हातचं पक्वान्न. खाली कांदा-जिरं घालून परतलेला बीफचा खिमा, त्यावर उकडलेली अंडी, ऑलिव्ह, मनुका. वर दुधात शिजवलेल्या मक्याचा जाड थर, त्यावर साखर भुरभुरून ओव्हनमध्ये लाल करायचं. तिकडे त्याला पास्तेल म्हणतात. साकिबनं ते पहिल्यांदा खैतानच्या या घरात केलं, तेव्हा खिम्यावर साखर बघून तिच्या नवऱ्यानं, झहूरनं, कपाळाला हात लावला होता. मग तीनदा मागून खाल्लं होतं. आता दोन वर्षं या स्वयंपाकघरात ते झालं नव्हतं.

झहूर जुम्म्याची नमाज पढून आला आणि दारातच उभा राहिला.

“मला त्या बाईसमोर बसवू नकोस,” तो म्हणाला.

“बसावं लागेल. तुमी नाय बसलात तर कागद तसाच राहील.”

“माझ्यानं तिच्या डोळ्यांत बघवणार नाय.”

“मग ताटात बघा. पण जेवा.” हफिजानं ओव्हनचं दार लावलं. “एक पोरगा गेला. दुसरा जायला नको.”

झहूर टोपी काढून आत गेला.

गोष्ट तशी दोन ओळींची होती. साकिब आणि ओवैस, दोघंही श्रीवर्धनकडचे, एकाच किचनमध्ये कामाला, हॉटेलनं दिलेल्या एकाच खोलीत राहायला. एका संध्याकाळी क्षुल्लक कारणावरून जुंपली आणि हाताशी सुरी होती. एक मातीत गेला, दुसरा तुरुंगात. फाशीची शिक्षा झाली. मयताच्या घरच्यांनी माफी लिहून दिली तर फास टळेल, असं वकिलानं सांगितलं होतं. कागदावर दोन सह्या लागत होत्या. एक झाली होती, दुसरी अडली होती. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर रविवारी कोर्ट उघडेल तेव्हा दोन्ही नसल्या तर पुढं काही करता येणार नव्हतं.

दुसऱ्या सहीसाठी हफिजानं सगळं करून पाहिलं होतं. रडून झालं, जमातीच्या वडीलधाऱ्यांना मध्ये घालून झालं. ओवैसच्या आईशी, शरीफाशी, भेट दोनदा ठरली आणि दोनदा मोडली. मग तिला ताटाची आठवण झाली. तिच्या गावी आणि शरीफाच्याही गावी एक रीत होती. एका ताटात जेवलेली माणसं एकमेकांशी वैर धरत नाहीत. जमिनीचे तंटे, सोयरिकीतले रुसवे असेच मिटत. एवढं मोठं वैर त्यानं मिटलेलं मात्र तिनं कधी ऐकलं नव्हतं.

दाराची घंटा वाजायच्या आधी तिनं भिंतीवरचा साकिबचा फोटो काढून कपाटात ठेवला. तो समोर असता तर शरीफाच्या घशाखाली घास उतरला नसता.

शरीफा दोन वाजता आली. ती गावाहून येऊन शहरातच सबाह अल-सालेम भागात भावाकडे उतरली होती. भाऊ, वाजिद, तिला सोडून खाली गाडीतच थांबला. काळा बुरखा, डोक्यावर ओढणी, ओठ घट्ट मिटलेले, हाताची हाडं वर आलेली. दोन वर्षांत ही बाई निम्मी झाली होती. हफिजानं तिचे हात हातात घेतले. ते थंडगार होते.

“मला भूक नाय, हफिजाबाय.”

“एक घास, आपा. माझ्यासाठी.”

जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर एकच मोठं ताट होतं. हफिजानं त्यात वाफाळतं पास्तेल काढलं. तिघं तीन बाजूंनी बसली. झहूरनं बिस्मिल्ला म्हटलं, पण हात मांडीवरच ठेवला.

शरीफानं कोपऱ्यातला मका मोडला, चघळला आणि तशीच थांबली.

“ओवैसला हे फार आवडायचं,” ती हळूच म्हणाली. “फोनवर सांगायचा मला, आज साकिबनं मक्याचं केलं म्हणून. कडेचा भाजलेला तुकडा साकिब त्याच्यासाठी राखून ठेवायचा.”

झहूरची मान खाली गेली. त्याचे खांदे हलत होते. हफिजाला त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण ती जागची हलली नाही. मग त्यानं हात पुढं केला, ताटाच्या कडेचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

मग तिघंही जेवली. शरीफा रडत रडत जेवली. हफिजानं दोनदा वाढलं.

हात धुऊन झाल्यावर तिनं कागद आणून दस्तरखानावर पसरला. मजकूर अरबी होता, बाजूला वकिलाच्या माणसानं पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहून दिला होता. तिनं वर पेन ठेवलं.

शरीफानं पेनाला हात लावला नाही. ती गुडघ्यांवर सरकत पुढं आली आणि तिनं झहूरसमोर ओढणी पसरली.

झहूरनं पेन उचललं. ‘मयताची आई’ या शब्दांपुढं हफिजाची सही कालपासूनच होती. त्याखाली ‘मयताचे वडील’ लिहिलेल्या रिकाम्या जागेत त्यानं आपलं नाव लिहिलं.