पहिली सही

साल २०१२. धाडजवळच्या एका गावात मी नर्स होते. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला बॅग-मास्कने श्वास कसा द्यायचा, याचं प्रशिक्षण नेमकं धाडच्या बाजाराच्या दिवशी आलं. मी हजेरीपटावर सही केली आणि वर्षाच्या मिरच्या घ्यायला बाजारात गेले. प्रमाणपत्र मिळालंच.

महिन्याभरातच गावातल्या महामायाचं पहिलं बाळ माझ्या हातात आलं. ते रडलं नाही. बॅग होती, पण मास्क त्याच्या तोंडावर नीट बसेना आणि हवा बाजूने निसटत राहिली.

"काऊन रडता नर्सबाई?" तिची सासू जनकाबाई मलाच समजावत होती. "तुम्ही तं लय केलं. लेकराले जगायचंच नव्हतं."

त्यानंतर मी एकही प्रशिक्षण चुकवलं नाही. पुढे त्याच बॅगने चार बाळं रडली. प्रत्येक वेळी त्यांच्या रडण्याआधीची शांतता मला ओळखीची वाटायची.

जनकाबाई आता नाही. मी निवृत्त झाले. महामाया शिकून नर्स झाली आणि आता नव्या मुलींना तेच प्रशिक्षण देते. परवा तिने मला मुद्दाम बोलावून घेतलं.

"या बाई जे शिकल्या होत्या, ते सारं त्यायनं माह्या लेकरासाठी केलं," ती मुलींना म्हणाली. "यायले पाहूनच मी नर्स झाली."



मग हजेरीपट माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "बाई, पहिली सही तुमची."