सरदाराचा अंगरखा

कूच व्हायला दहा मिनिटं उरली होती आणि भोइटेकाकांना केतकीच्या अंगरख्यात काहीतरी चमकताना दिसलं.

“पँटची चेन! ही कोणत्या लढाईत लुटलीस गं?”

पथक खो खो हसलं. मिरवणूक पेशवाईतल्या घोडदळाची, त्या काळातलं नसेल ते अंगावर चालायचं नाही, आणि पारखायचे काका. केतकीनं तीन महिने जुने बाजार पालथे घालून शेला, कट्यार, जोडे जमवले होते. आज पहिल्यांदाच एक बाई सरदार म्हणून पथकापुढे घोड्यावर बसणार होती.

“बाळाला पटकन पाजता यावं म्हणून लावली, काका.”

“मग आज पुढे दुसरं कुणी बसेल.”

केतकीनं तिथंच कट्यारीनं चेन उसवून काकांच्या हातावर ठेवली आणि अंगरख्याचे बंद करकचून बांधले. तेवढ्यात सासूबाई रडतं बाळ घेऊन आल्या. तंबूत बसून केतकी घाईघाईनं एकेक गाठ सोडू लागली. बाहेर घोडे खिंकाळले, शिंग वाजू लागलं, आणि मध्येच थांबलं.

“थांब रे,” काकांचा आवाज आला, “सरदार आल्याशिवाय कूच होत नसते.”