चढावरची टिकटिक

जिवल्याची सायकल बोलकी होती. पाड्याकडचा चढ लागला की पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला चेन कव्हरला खर्रकन घासायची, आणि तो आवाज ऐकूनच लाडकी नवऱ्यासाठी चहा ठेवायची. चढाला तो कधी खाली उतरला नाही. आज घासणं ऐकूच येईना. नुसती चाकाची टिकटिक वर येत होती. म्हणजे सायकल कुणीतरी ढकलत होतं. दुपारी बोईसरकडं, जिवल्याच्या कंपनीच्या बाजूला धूर दिसला होता, पण तिकडं धूर रोजचाच. अंगणात आला तो कंपनीतला मिथुन. हँडलला जिवल्याचा डबा, भरलेलाच. "वयनी..." लाडकीनं मधेच विचारलं, "पंक्चर हाय ना? तो मागून चालत येतोय ना?" तिनं टायर दाबला. टणक होता. "मंग चेन पडली असंल." चेन जागेवर होती. मिथुननं डबा सोडून ओट्यावर ठेवला. लाडकी तिथंच बसली, हातानं पायडल फिरवू लागली. खर्र, खर्र. सायकलीला काहीच झालं नव्हतं.