पॅडलचा दोष

दाभाडे सरांनी पिकलबॉलचं तिसरं महागडं पॅडल परत आणून काउंटरवर ठेवलं. "पॉवरच्या पॅडलने बॉल बाहेर गेला, कंट्रोलच्याने जाळीत. आता हे मधलंही तसंच. रेवती, माल चांगला ठेवत नाहीस तू."

जोर हवा तर ताबा थोडा सुटणारच, हे दुकानातलं रोजचं वाक्य रेवतीने गिळलं. पॅडल ठेवल्यावरही सरांचा उजवा हात थरथरतच होता. याच हाताने तिला आठव्या वर्षी बॅडमिंटन शिकवलं होतं. तेव्हा कुणी रॅकेटला नावं ठेवली, की सर त्याचीच रॅकेट घेऊन वीस फटके बिनचूक मारून दाखवायचे आणि म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

"आज तू खेळून दाखव याच्याने," सर म्हणाले.

दुकानामागच्या कोर्टवर पहिल्याच फटक्याला तिला कळलं, पॅडलमध्ये काडीचाही दोष नाही. बॉल हवा तिथेच पडला होता. जाळीपाशी सर हात पाठीमागे लपवून, निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखे उभे होते.

तिने पुढचे तीन बॉल जाळीत घातले.

"खरंय सर. पॅडलच खराब आहे."

सर हळूच म्हणाले, "मनगट मुद्दाम सैल सोडलंस, पोरी. डोळे शाबूत आहेत माझे अजून."