न हलणारी वस्तू

लेकीनं दोघांसाठी क्रूझची तिकिटं काढली, तेव्हापासून भागीरथाबाईंना एकच घोर लागला. रामटेकला जाताना बससुद्धा लागायची त्यांना. समुद्र कसा सोसणार? “न हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवा, मळमळणार नाही,” डॉक्टर म्हणाले. मग हुडकेश्वरच्या घरी रोज दुपारी झोपाळ्यावर सराव सुरू झाला. त्या झोके घेत, यजमान वामनराव समोर उभे राहत. “हलू नका जी, मी तुमच्याकडेच पाहून राहिली.” नाकावर माशी बसली तरी वामनराव हलत नसत. निघायच्याच आठवड्यात भागीरथाबाईंना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्याच्या खाटेवरून त्या पुटपुटल्या, “सारं गरगरून राहिलं जी.” वामनराव उठले, पायथ्याशी ताठ उभे राहिले. बायकोची नजर त्यांच्यावर स्थिरावली. वामनरावांचे डोळे वाहू लागले, तरी पुसायला त्यांनी हात हलवला नाही. तासाभरानं नर्सनं भागीरथाबाईंच्या पापण्या मिटल्या, तेव्हाही ते हलले नाहीत.