आचमन

झुंबरबाईंनी रामकुंडातलं पाणी तांब्यात भरून घेतलं आणि ढुंढिराज गुरुजींना विचारलं, "गुरुजी, हे रोज किती घेऊ?"

नुकत्याच बाईंनी आपल्या मालकांच्या अस्थी त्याच पाण्यात सोडल्या होत्या. मालक गेल्यापासून बाईंना अन्न पचत नव्हतं. घास पोटात गेला की जळजळ, नाहीतर कळ. देवळ्याहून येतानाही गाडी थांबवावी लागली, असं त्यांचा मुलगा भारत सांगत होता.

"सकाळी अनशापोटी वाटीभर," गुरुजी बोलून गेले. "गंगामाई सगळं शांत करते."

हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की आपण ते बोललो हे त्यांना मागाहून कळे.

बाईंनी तांब्या दोन्ही हातांनी पुढे केला. "आधी तुम्ही घ्या. तुमचं उष्टं म्हंजे परसादच."

गुरुजींचा हात पुढे झाला नाही. आतड्याला सूज आल्यापासून डॉक्टरांनी त्यांना नदीचंच काय, नळाचंही पाणी बंद केलं होतं. क्षारांचं बाटलीबंद पाणी, तेही जेवणाआधी कोमट करून, घोट घोट. त्यानं त्यांना खरोखरच उतार पडला होता. ती बाटली आत्ताही पिशवीत पंचात गुंडाळलेली होती. यजमानांना शंका नको म्हणून तिचं लेबल त्यांनी घरीच सोलून काढलं होतं. आचमनाचं पाणीसुद्धा ते ओठांशी नेऊन बोटांतून सोडून देत.

"माझा आज उपास आहे."

"उपासाला पाणी चालतं की, गुरुजी." बाईंच्या बोलण्यात काही खोच नव्हती. त्या म्हणाल्या, "बरं, मग मीच घेते," आणि त्यांनी तांब्या उचलला.

"थांबा!"

आवाज मोठा निघाला. शेजारी पिंडदान सांगणारे गुरुजीही वळून बघू लागले. ढुंढिराजांचे कान तापले. त्यांनी पंचातून बाटली काढली आणि मान खाली घालूनच बोलले, "ते पाणी पिऊ नका, बाई. माझंही पोट असंच होतं. मी हे पितो. तुम्ही डॉक्टरला दाखवा."

भारतनं बाटलीकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. "म्हंजे इतका वेळ..." तो म्हणाला.

झुंबरबाई रागावल्या नाहीत. त्या पायरीखाली बघत होत्या. राखेचा पांढुरका तवंग अजून काठालाच घोटाळत होता.

"पिण्याजोगं नाय व्हय हे?" त्यांनी हळूच विचारलं. "अन् मी त्यांना ह्यातच सोडलं?"

भारत आईचा दंड धरून तिला वर नेऊ लागला. बाईंनी त्याचा हात बाजूला केला. त्या गुरुजींच्या तोंडाकडे बघत तिथंच उभ्या राहिल्या.