लागू पडलं

चौदाव्या तबकडीतला एक खळगा हिरवा चमकला आणि सगळ्या प्रयोगशाळेने सवयीने टाळ्या वाजवल्या. तबकडी हेमांगीच्या टेबलावर होती, पण तिचे हात काही उठले नाहीत. त्या पेशी कुमुद ढवळेंच्या होत्या. हल्ली प्रत्येक रुग्णाच्या पेशींवर यंत्र लाखो रसायनं लावून बघायचं. पेशीवरच्या कुलपात नेमकी किल्ली बसली की खळगा उजळायचा. कुमुदताईंची किल्ली आज सापडली होती, आणि त्यांना जाऊन नऊ दिवस झाले होते. यंत्राला त्याची काय खबर!

नियमाप्रमाणे तिने त्यांच्या यजमानांना फोन लावला.

"काका, औषध लागू पडलं!" रोजचं वाक्य तोंडातून निसटलं आणि तिने जीभ चावली.

ढवळेकाकांनी विचारलं, "म्हणजे तिच्या पेशी तिथे अजून जिवंत आहेत?"

"हो. संध्याकाळी टाकून द्यायच्या आहेत."

"आणि औषधाने बरं वाटतंय त्यांना?"

हेमांगीने त्या हिरव्या ठिपक्याकडे पाहिलं. "हो काका. आता बरं आहे."

"मग आज नका हलवू," काका म्हणाले. "फार दिवसांनी आराम पडलाय. जरा पडू द्या तिला."